लॅब्रॅडॉरच्या खुब्याचा संधिवात: गोळीच्या जोडीला हळद, तेल, सुया, पाण्यातला व्यायाम यातलं काय करावं?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. लॅब्रॅडॉर, नर, नसबंदी झालेली, वय ९ वर्षं, वजन ३८ किलो. गुंगी देऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांत डिस्प्लेझिया (सांधा खोबणीत नीट न बसणं) आणि त्यावर आलेला संधिवात दिसतो, उजवीकडे जास्त. सकाळी उठल्यावर १०-१५ मिनिटं आखडलेला असतो, जिना टाळतो, टाइल्सवर मागचे पाय फाकतात. मेलोक्सिकॅम ही वेदना आणि सूज कमी करणारी गोळी चालू आहे, ०.१ मिग्रॅ प्रति किलो, दिवसातून एकदा जेवणानंतर. लिव्हर-किडनीचे रिपोर्ट महिन्यापूर्वी व्यवस्थित होते. शस्त्रक्रिया तूर्त करायची नाही असं ठरलंय.

आता जो तो वेगळं सुचवतोय: हळद-मिरीची पेस्ट, शल्लकी, जवस, महानारायण तेलाने मालिश, अ‍ॅक्युपंक्चर, लेझर, पाण्यातली ट्रेडमिल. या गोळीबरोबर काय चालतं, किती द्यायचं, आणि सुरुवात कशापासून करायची? धरणावर नेऊन पोहायला लावलं तर ट्रेडमिलची गरज उरते का?

---

पशुवैद्य७

वयाबरोबर वजनही लिहिलंत ते बरं झालं, कारण सुरुवात तिथूनच आहे. मध्यम बांध्याच्या नर लॅबला ३०-३२ किलो पुरतात. हाताने बरगड्या चाचपून बघा. पातळ चादरीखालून लागाव्यात तशा लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. शरीराचं वजन सहा-सात टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं. तुमच्याकडे त्याचा अर्थ अडीच किलोच्या आसपास. कुठल्याही तेलाने किंवा पुडीने एवढा फरक पडत नाही.

हिशोब असा. लक्ष्य ३१ किलो धरलं तर विश्रांतीची ऊर्जा ७० गुणिले ३१ चा ०.७५ घात, म्हणजे दिवसाला साधारण ९२० किलोकॅलरी. वजन उतरवताना तेवढ्यातच सगळं बसवायचं: जेवण, बिस्किटं, गोळी भरवायला वापरलेलं पनीर, सगळं. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या पुढे जाते. घरातले चार जण प्रत्येकी अर्धी पोळी देत असतील तर चौथाई कोटा तिथेच संपला. खाणं मापाने नको, वजनकाट्यावर मोजा. आठवड्याला १ टक्का, म्हणजे ३५०-४०० ग्रॅम उतरलं की पुरे. सात किलोला चार-साडेचार महिने लागतील. आठवड्याला २ टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर स्नायू झडतायत, आणि या कुत्र्याला मांडीचे स्नायू सर्वांत जास्त हवेत.

दुसरं, फरशी. व्हिट्रिफाइड टाइलवर पाय फाकतात तेव्हा खुब्याच्या आतल्या बाजूचे स्नायू दर वेळी ओढले जातात. मग तुम्ही दिवसातून दोनदा व्यायाम करून घेतलात तरी उरलेले तेवीस तास त्याच्यावर पाणी फिरतं. सतरंजी टाकू नका, ती स्वतःच सरकते. रबरी तळाच्या किंवा एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया टाका. त्याचं अंथरूण, पाण्याचं भांडं आणि दार, हे तिन्ही जोडणारी सलग वाट हवी. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, नखं जमिनीला टेकू देऊ नका. गाडीत चढायला फळी करा. डिकी जमिनीपासून ६० सेंमी असेल तर फळी निदान १८० सेंमी लांब घ्या, म्हणजे चढ २० अंशांच्या आत राहतो. आखूड फळीवर तो घसरतो आणि मग कायमचा फळीला घाबरतो.

व्यायाम रोज, थोडा थोडा. रविवारी तासभर चालवून इतर दिवशी पाच मिनिटं, हे सर्वांत वाईट. दिवसातून तीनदा १०-१५ मिनिटं, पट्ट्याला धरून, मातीवर किंवा गवतावर, इतक्या हळू की तो दुडक्या चालीत जाणार नाही. त्याच्या जोडीला बसून उठणं: मागचा भाग भिंतीच्या कोपऱ्यात राहील असं बसवा, म्हणजे पाय बाहेर पसरत नाहीत. ५ वेळा बस-उठ, दिवसातून दोनदा, दर आठवड्याला एक-दोन वाढवत १० पर्यंत. दोन आठवड्यांनी अंगणात पाच-सहा पीव्हीसी पाइप आडवे ठेवा, पुढच्या पायाच्या मनगटापेक्षा खालीच, मध्ये ५०-६० सेंमी अंतर. ओलांडताना पाय आपटायला लागला की थांबायचं, तो थकलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं नेहमीपेक्षा जास्त दिसलं तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं होतं. दोन-तीन दिवस निम्म्यावर या.

शेक द्यायचा असेल तर चालण्याआधी. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून खुब्यावर १५ मिनिटं. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन मिनिटं धरून बघा. मात्र अचानक लंगडायला लागला, सांधा गरम लागतोय, असं असेल तर पहिले दोन-तीन दिवस शेक नको, बर्फ १० मिनिटं, कापडातून.

आता तुमचा धरणाचा प्रश्न. पोहणं आणि पाण्यातली ट्रेडमिल एकाच कामाची नाहीत. ट्रेडमिलमध्ये पाण्याची उंची बदलून पायावरचा भार ठरवता येतो: पाणी मागच्या घोट्यापर्यंत असेल तर सुमारे ९१ टक्के वजन पायांवर येतं, गुडघ्यापर्यंत ८५, आणि खुब्यापर्यंत ३८. म्हणजे गुडघाभर पाण्यात भार फारसा हलका होत नाही, पाणी खुब्यापर्यंतच हवं. शिवाय पाऊल खाली टेकतं, त्यामुळे खुबा मागे पूर्ण ताणला जातो. पोहताना कुत्रा मुख्यतः पुढच्या पायांनी ओढतो, मागचे पाय आखूड मारतो. दम वाढतो, पण मांडी हवी तशी भरत नाही. धरणाचं पाणी थंड असतं, काठावर चिखल आणि निसरडे दगड, आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) जोखीम. लेप्टोची लस दरवर्षी घेतलेली नसेल तर बेत सोडून द्या.

ट्रेडमिलला पाणी २८ ते ३२ अंशांचं असावं. पहिल्या दिवशी एक-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये विश्रांती, यापुढे जाऊ नये. पहिल्याच दिवशी सलग २० मिनिटं चालवणारं केंद्र बदला. त्वचेवर उघडी जखम, कानात संसर्ग किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी तो बघायचा.

---

वनौषधी

वनस्पतीजन्य औषधांबद्दल लिहिते. हीसुद्धा औषधंच आहेत, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर मेलोक्सिकॅमच्या खाली त्यांचीही नोंद झाली पाहिजे.

हळद: स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला कामाचा घटक, ३ टक्क्यांच्या आसपास असतं. सपाट चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत जेमतेम ९० मिग्रॅ. त्यातलंही आतड्यातून फार थोडं रक्तात पोचतं, म्हणून मिरी घालतात. पण मिरीतलं पायपरिन यकृतातली औषध मोडण्याची क्रियाच मंदावतं, आणि तो परिणाम फक्त कर्क्युमिनपुरता राहत नाही, इतर औषधांची रक्तातली पातळीही बदलू शकते. मेलोक्सिकॅम चालू असताना हळद-मिरीची पेस्ट भरपूर देणं मला पटत नाही: पोटाच्या अस्तरावर दोन्हींचा ताण येतो आणि रक्त गोठण्यावरही हळदीचा थोडा परिणाम होतो. हळदीत ऑक्झलेट बरंच असतं, म्हणून पूर्वी ऑक्झलेटचा मूतखडा झालेल्या किंवा पित्ताशयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला अजिबात नको. जेवणात चिमूटभर पडली तर बिघडत नाही, आणि तेवढ्याने सांधाही सुधारत नाही.

शल्लकी, म्हणजे सालईचा डिंक: यावर कुत्र्यांमध्ये काम झालेलं आहे. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये २९ कुत्र्यांना १० किलोमागे ४०० मिग्रॅ अर्क रोज एकदा, सहा आठवडे, अन्नातून दिला होता. बहुतेकांचं लंगडणं कमी झालं, काहींना जुलाब आणि गॅस झाले. पण तुलनेला औषध न दिलेला गट नव्हता, हे लक्षात घ्या. द्यायची असेल तर एकाच घटकाचा, अर्काचं प्रमाण छापलेला माल घ्या. 'गुग्गुळ, शल्लकी, अश्वगंधा आणि इतर १४ वनस्पती' असल्या मिश्रणात काय लागू पडलं आणि कशाने जुलाब झाले ते कळायला मार्ग नाही. भस्म असलेलं काहीही नको.

लेबल नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. सांधेदुखीच्या 'शुद्ध आयुर्वेदिक' औषधांत न सांगितलेलं स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणं आहेत. ओळखायची खूण: तीन-चार दिवसांत जादू झाल्यासारखा आराम, आणि त्याच वेळी पाणी पिणं, लघवी आणि भूक एकदम वाढणं. मेलोक्सिकॅमवर स्टेरॉइड पडलं तर जठराला व्रण होऊन तो फुटू शकतो. काळी डांबरासारखी शी किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी दिसली की त्याच तासाला दवाखाना.

जवस: कुत्र्याच्या शरीरात जवसातल्या ओमेगा-३ चं ईपीए-डीएचएमध्ये (सांध्याला उपयोगी पडणाऱ्या, माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ मध्ये) रूपांतर फारच थोडं होतं, त्यामुळे सांध्यासाठी त्याचा उपयोग नाही. जवसाची चटणी तर देऊच नका, तीत लसूण आणि मीठ असतं. माशाचं तेल मात्र या सगळ्या यादीत पुराव्यानिशी पुढे आहे. ईपीए आणि डीएचए मिळून किलोमागे साधारण ७५ मिग्रॅ धरा. ३२ किलोच्या हिशोबाने २४०० मिग्रॅ. बाजारातल्या साध्या १००० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये १८० ईपीए आणि १२० डीएचए, म्हणजे कामाचं ३०० मिग्रॅच असतं. तेव्हा आठ कॅप्सूल झाल्या. पुढच्या बाजूचा '१००० मिग्रॅ' हा आकडा बघून एक कॅप्सूल देत राहतात आणि उपयोग होत नाही म्हणतात, ती चूक इथे आहे. एकीने सुरू करा, दर चार दिवसांनी एक वाढवा. शी सैल झाली तर एक पायरी खाली. आठ कॅप्सूलचे सत्तरेक कॅलरी वरच्या ९२० मधून वजा करा. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर देऊ नका. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व इतकं असतं की या मात्रेत विषबाधा होऊ शकते. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर तेल चालू असल्याचं आधी सांगा.

महानारायण तेल: मालिशीने मिळणारा आराम हाताचा असतो, तेलाचा नाही. अंगावर दाट केस, आणि जे लावाल ते तो चाटणार. कोरड्या हाताने पाठीच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू आणि मांडीची पुढची बाजू, ५-५ मिनिटं, सांध्याच्या हाडावर दाब न देता. माणसांचे वेदनाशामक बामही नकोत, त्यांत मिथाइल सॅलिसिलेट आणि कापूर असतो.

---

गोदाकाठ

इतकं मुद्देसूद उत्तर अपेक्षित नव्हतं, मनापासून आभार. कापराचं वाचून विचारतो: गोचिडांसाठी त्याला खोबरेल तेलात कापूर घालून लावतोय, आठवड्यातून दोनदा. बंद करू का? आणि घरात एक मांजरही आहे, ती त्याला चिकटून झोपते.

---

मांजरकुळ

आजच बंद करा, आणि अंगावर असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने धुऊन काढा, दोनदा. साध्या शाम्पूने तेल निघत नाही. कापूर त्वचेतून आणि तोंडातून झपाट्याने शोषला जातो आणि मेंदूवर काम करतो. थरथर, लाळ, अडखळत चालणं, मग झटके. चाटून पोटात गेला असेल तर घरी उलटी करवू नका. तेल फुप्फुसात जाऊ शकतं आणि उलटीच्या वेळीच झटका येऊ शकतो.

मांजरीची जोखीम कुत्र्यापेक्षा मोठी आहे. बऱ्याच रसायनांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ती बाहेर टाकायची व्यवस्था मांजराच्या यकृतात तोकडी असते. म्हणूनच पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आणि निलगिरी, टी ट्री, लवंग, पेपरमिंट ही तेलं तिला बाधतात. शिवाय ती सतत अंग चाटते, त्यामुळे कुत्र्याच्या अंगावरचं तेल तिच्या अंगावर आणि तिथून पोटात. खोलीत सुगंधी तेलाचा डिफ्यूझर लावत असाल तर तोही काढा.

गोचिडांसाठी लसूणही कुणी सुचवेल. नको. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, कुत्र्याच्याही आणि मांजराच्या त्याहून सहज. कडुलिंबाचं तेल पातळ करून लावलं तर गोचीड थोडे दूर राहतात, पण चिकटलेले मरतील याची खात्री नाही, आणि मांजर असलेल्या घरात तेही टाळा. फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनरची वजनानुसार गोळी हा तुमच्या घरासाठी चांगला मार्ग आहे: अंगावर काही उरत नाही, मांजर सुरक्षित. पूर्वी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध आणि अमिट्राझची अंघोळ, दोन्ही मांजरीसाठी घातक आहेत. दुकानदार सांगत नाहीत, पाकिटावरचा घटक स्वतः वाचा.

गोचीड फक्त अंगावर नसतात. फरशीच्या सांध्यांत आणि भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, तेव्हा त्याची झोपायची जागा गरम पाण्याने धुवा आणि भेगा बुजवा.

---

सुई_आणि_स्नायू

गोचिडांचा विषय निघाला हे चांगलं झालं, कारण अ‍ॅक्युपंक्चरच्या आधी मी तेच विचारणार होतो. आपल्याकडे तपकिरी गोचिडातून होणारा एर्लिकिया, म्हणजे गोचीडताप, खूप दिसतो आणि त्यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरतात. कुत्रा वरून ठणठणीत दिसत असतानाही जुना संसर्ग असू शकतो. म्हणून सुयांच्या आधी ताजा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट २ ते ५ लाख असतात. कमी आल्या तर रक्ताच्या काचपट्टीवर प्रत्यक्ष मोजून घ्या, कारण गुठळ्या झाल्या तर मशिन चुकीचा कमी आकडा दाखवतं. खरंच कमी असतील तर सुया थांबवायच्या आणि आधी गोचीडतापाचा इलाज. आणखी एक: गोचीडतापातही सांधे दुखतात. तेव्हा सगळं दुखणं खुब्याचंच आहे असं धरू नका.

प्रत्यक्ष उपचारात ०.२० ते ०.३० मिमी जाडीच्या, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया. खुब्यासाठी साधारणपणे अ‍ॅक्युपंक्चरच्या नकाशातले पित्ताशय-मार्गाचे २९ आणि ३० क्रमांकाचे आणि मूत्राशय-मार्गाचा ५४ क्रमांकाचा हे बिंदू घेतात, तिन्ही मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याभोवती. शिवाय कंबरेवर काही सुया. १५-२० मिनिटं ठेवतात. आठवड्यातून एकदा असे चार ते सहा वेळा, मग अंतर वाढवत न्यायचं. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत काहीच बदल नसेल तर पैसे घालवू नका. पहिल्या दिवशी तो सुस्त राहील किंवा थोडा जास्त आखडेल, ते एका दिवसात उतरतं. विजेचा प्रवाह जोडणार असतील तर झटक्यांचा इतिहास नसावा, आणि गाठ असलेल्या जागी सुई नको. पुरावा संमिश्र आहे, अभ्यास लहान आहेत. गोळीऐवजी म्हणून मी कधी सुचवणार नाही, गोळीच्या जोडीला करून बघायला हरकत नाही.

लेझरचंही तसंच. एवढं पाहा की कुत्र्यालाही गॉगल घालतात का, आणि तुमचा काळा लॅब असेल तर हात सतत फिरता ठेवतात का. काळी कातडी आणि केस प्रकाश जास्त शोषतात, एका जागी धरलं तर भाजतं.

सुई टोचणारी व्यक्ती पशुवैद्यक असलीच पाहिजे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. माणसांवर काम करणारा अ‍ॅक्युपंक्चरवाला कितीही निष्णात असला तरी त्याला कुत्र्याच्या फासळ्यांखाली फुप्फुस कुठवर येतं हे माहीत नसतं.

---

सातपुडा

धाग्यात डोकावतोय. होमिओपॅथीचा उल्लेख कुणी केला नाही. त्या गोळ्यांनी अपाय तर होत नाही, मग द्यायला काय हरकत?

---

पशुवैद्य७

होमिओपॅथीच्या बाटलीवरचं ३० सी म्हणजे शंभरपट पातळ करणं तीस वेळा, एकावर साठ शून्यं. तिथे मूळ द्रव्याचा रेणूसुद्धा उरत नाही, म्हणून गोळीने थेट अपाय होत नाही आणि उपयोगही होत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पष्ट म्हटलं की होमिओपॅथीला मान्यताप्राप्त पुराव्याचा आधार नाही, आणि पुरावा असलेल्या उपचारांऐवजी किंवा त्यांच्या आधी ती देऊ नये. अपाय होतो तो वेळ गेल्याने. संधिवाताचा कुत्रा दोन महिने कमी चालला की मांडी झडते, आणि ती परत भरायला सहा महिने लागतात. मदर टिंक्चरमध्ये (पातळ न केलेल्या मूळ अर्कात) तर अल्कोहोल असतं, ते मुळीच नको.

@गोदाकाठ, एक गोष्ट राहिली, आणि ती केल्याशिवाय बाकी सगळ्याचा उपयोग झाला की नाही ते कळणार नाही. सांधेदुखी आपोआप कमी-जास्त होते, आणि आपण काही करतोय म्हटलं की आपल्याला बरं दिसायला लागतं. अमेरिकेत २०१२ साली औषध नसलेली गोळी दिलेल्या कुत्र्यांची तपासणी छापली गेली. पायाखालचा दाब मोजणाऱ्या यंत्रावर फरक नसताना जवळजवळ ४० टक्के वेळा मालकांना सुधारणा दिसली, आणि चालणं बघणाऱ्या पशुवैद्यकांचं प्रमाण तर ४५ च्या आसपास होतं.

म्हणून दर रविवारी सकाळी, उठल्या उठल्या, त्याच जागी तीन छोटे व्हिडिओ काढा: अंथरुणातून उठताना बाजूने, दहा पावलं मागून, दहा पावलं बाजूने. मांडीचा घेर टेपने, मांडीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, दोन्ही पायांचा, पाय नेहमी त्याच स्थितीत ठेवून, महिन्यातून एकदा. आखडणं किती मिनिटं टिकलं ते रोज वहीत. नवीन गोष्ट एका वेळी एकच आणि निदान चार आठवडे, माशाचं तेल असेल तर आठ. तुमच्यासाठी क्रम असा लावा: या आठवड्यात चटया, खाण्याचं वजन आणि सीबीसी. पुढच्या आठवड्यापासून चालणं आणि बस-उठ. त्यानंतर तेल. सुया किंवा ट्रेडमिल त्याच्याही पुढे.

मेलोक्सिकॅम मात्र 'आता बरं आहे' म्हणून स्वतःहून बंद करू नका. दुखणं दबलेलं आहे म्हणूनच तो व्यायाम करू शकतो. वजन ३४-३५ वर आलं आणि वहीतले आकडे सलग महिनाभर चांगले दिसले की व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा, मात्रा उतरवायचा विषय तेव्हा काढा. लिव्हर-किडनीची तपासणी तोवर दर तीन ते सहा महिन्यांनी चालू ठेवा. जेवण सोडलं, उलटी किंवा जुलाब झाले तर त्या दिवशीची गोळी देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा.

---

गोदाकाठ

तेल धुतलं, दोनदा. मांजरीलाही ओल्या कापडाने पुसलं. सीबीसीसाठी उद्या सकाळची वेळ घेतली आहे, काचपट्टीवर प्लेटलेट मोजायला सांगतो. कुत्रा काळाच आहे, लेझरचं लक्षात ठेवतो. चटया टाकण्याआधीचा पहिला व्हिडिओ आज संध्याकाळी काढू की रविवारी सकाळीच?

---

पशुवैद्य७

उद्या सकाळी, दवाखान्यात निघायच्या आधी, उठल्या उठल्या. संध्याकाळी तो मोकळा झालेला असतो, ती तुलना चालणार नाही. चटया त्यानंतर टाका.